वरचा मजला आणि खालचा कागद

वाचकाचं पत्र (जागेअभावी थोडं आवरून) :

"काका, आम्ही गिरणारे रस्त्यावरच्या एका छोट्या गावात राहतो. २०१६ साली दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन तळमजला बांधला. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, मी कॉलेज रोडला एका शाळेत क्लार्क. आमच्या कॉलनीतले सगळेच असे, सकाळी नाशिक, रात्री गाव. आता सासू-सासरे कायमचे आमच्याकडे यायचेत. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून त्यांना खाली ठेवून आम्ही मुलांसह वर मजला काढावा असं ठरलं. पण ग्रामपंचायतीनं बांधकामाचे नियम काढलेत. काम सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. हायवा (मोठा डंपर) गावातून आणायचा नाही. वाळू-खडी रस्त्यावर टाकायची नाही. नळाचं पाणी बांधकामाला वापरायचं नाही. द्राक्षांच्या हंगामात कच्च्या रस्त्यावर पाणी मारल्याशिवाय माल आणायचा नाही. रस्त्यापोटी पंधरा हजार अनामत. आणि मिस्तरी गावातलाच हवा! गावठाणातल्यांना यातलं काहीच लागू नाही, फक्त आम्हा प्लॉटवाल्यांना. आमच्या कंपाउंडला लागून ज्यांचा द्राक्षमळा आहे ते नाना ग्रामसभेत यासाठी सगळ्यात जास्त बोलले. मागच्या वर्षी कॉलनीनं त्यांच्या पहाटेच्या फवारणीबद्दल अर्ज दिला होता, त्याचा राग असणार. नऊ वर्षं झाली, आम्ही अजून बाहेरचेच. बीडीओ आणि कलेक्टरकडे तक्रार करू का? (परवानगीचं काही अडत नाही. २०१६ ला सरपंचांनी ना हरकत दिली होती, तीच वरच्या मजल्याला चालते असं मिस्तरी म्हणतात.)"

*

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तुम्ही शेवटी कंसात टाकून दिलीत. सुरुवात तिथूनच करतो. नियमांकडे आणि नानांकडे मागाहून येऊ.

मी चाळीस वर्षं नाशिकमध्ये आणि आसपासच्या गावांत घरांचे नकाशे काढले. 'सरपंचांची ना हरकत आहे' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत कुणी म्हटलं तरी मी उठून बसेन. ग्रामपंचायतीला बांधकामाबद्दल अधिकार नाही असं नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये तो आहे, पण तो मुळात गावठाणातल्या घरांपुरता. तुमचा प्लॉट कुणाच्या तरी शेताचा लेआउट पाडून झालेला, म्हणजे गावठाणाबाहेरचा. तिथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चालतो. तुम्ही घर बांधलंत तेव्हा ही परवानगी महसूल आणि नगररचना खात्याकडून घ्यायची होती. २०१७ मध्ये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे आपलं एनएमआरडीए, आलं आणि महापालिकेच्या हद्दीबाहेरची नाशिक तालुक्यातली तुमच्यासारखी गावं त्याच्याकडे गेली. वरच्या मजल्याची परवानगी आता तिथून येईल. सरपंच बदलले, त्यांच्या सहीची शाई उडाली, तरी मिस्तरी अजून त्या कागदावर मजला चढवायला निघालाय. मिस्तरीला दोष देत नाही. नोटीस त्याच्या नावावर येत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही नऊ वर्षं घरपट्टी भरतोय, नमुना आठला नाव आहे. आहे ना. पण नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घर उभं दिसलं, त्यावर कर बसला, एवढंच तिच्यावरून कळतं. ते घर नियमात आहे की नाही, किंवा जमीन कुणाच्या मालकीची, याचा तो पुरावा होत नाही. बँकेत कर्जाला गेलात तर तिथला पॅनेलवरचा वकील हेच सांगेल, आणि सांगण्याचे पैसेही घेईल.

म्हणून तक्रार लिहायच्या आधी कपाट उघडा. खरेदीखत तर असेलच. त्याच्याबरोबर तीन गोष्टी शोधा : जमीन बिनशेती (एनए) केल्याचा आदेश, त्याला जोडलेला मंजूर रेखांकनाचा (लेआउटचा) नकाशा, आणि २०१६ चा तुमच्या घराचा मंजूर नकाशा असलाच तर तो. रेखांकनात तुमच्या प्लॉटला नंबर असला पाहिजे आणि तोच सातबाऱ्यावर दिसला पाहिजे. विकणाऱ्यानं 'एनए आहे' असं तोंडी सांगितलं असेल तर आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. दोन्ही खरेदीखतातच लिहिलेले असायला हवेत. एनएचे नियम गेल्या दहा वर्षांत इतक्यांदा बदललेत की गावात चार माणसं चार गोष्टी सांगतील. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड ची सवलत आहे, हे त्यातल्या एकाला नक्की ठाऊक असेल. ते खरंही आहे. पण ती सवलत जमिनीच्या वापराची. घराचा नकाशा मंजूर करून घेण्यातून त्यानं सुटका होत नाही.

कागद सापडले तर तुमचं काम बरंच सोपं आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तुमचा प्लॉट साधारण २०२ चौरस मीटरचा. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात जी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे (आम्ही सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतो) तिच्यात लहान भूखंडांचे दोन गट आहेत. दीडशे चौरस मीटरपर्यंतचा एक आणि दीडशे ते तीनशेपर्यंतचा दुसरा. दोन्हींना सुटसुटीत वाट दिली आहे. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद नकाशा नियमात असल्याचं स्वतःच्या सहीनं लिहून देतो, विकास शुल्क भरायचं, मोठ्या इमारतीसारखे महिनोन्‌महिने लागत नाहीत. मात्र सही करणाऱ्याची मान त्यात अडकते, म्हणून शहाणा अभियंता आधी तळमजल्याचे कागद मागेल. न मागता सही करणारा भेटला तर त्याच्याकडून चहा पिऊन परत या.

आणि कागद सापडलेच नाहीत तर आधी तळमजला नियमित करून घ्यायचा, मग वर बघायचं. जमिनीचा तुकडाच बेकायदा पडलेला असेल तर गुंठेवारी कायद्याचा रस्ता आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या कामांना लागू केली, तुमचं घर त्याच्या आतलं आहे. जमीन ठीक आणि फक्त घराचा नकाशा मंजूर नाही, अशी स्थिती असेल तर आहे ते बांधकाम राखून ठेवण्याचा अर्ज करता येतो. दोन्हीत पैसे जातात. सासू-सासऱ्यांना या दिवाळीऐवजी पुढच्या दिवाळीला आणावं लागेल, कदाचित. तरी करा.

आता तक्रारीचं. समजा तुम्ही उद्या बीडीओंकडे अर्ज दिलात, की ग्रामपंचायत बांधकामावर बेकायदा नियम लादते. चौकशीला माणूस येईल. तो पहिल्यांदा काय विचारेल? "तुमच्या बांधकामाची परवानगी दाखवा." मग सरपंच नुसते बघत उभे राहिले तरी पुरे. विनापरवाना बांधकामाला नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येते. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये तर शिक्षा आहे, कैदही आहे. सिंहस्थ २०२७ चा आहे, त्याच्या रस्त्यांमुळे नाशिकच्या भोवतीच्या पट्ट्यात सध्या मोजणीच्या टेपा आणि लाल खुणा जरा जास्तच फिरतायत. अशा वेळी स्वतःच्या घराचा पत्ता स्वतःच्या हातानं सरकारी टेबलावर ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

एवढं बोलून झाल्यावर तुमच्या नियमांकडे वळतो. ते सगळे एका मापाचे नाहीत.

रस्त्यावर वाळू-खडी टाकायची नाही, हा नियम ठरावाशिवायही होताच. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा आणि दंड करायचा अधिकार पंचायतीला कायद्यानंच आहे, ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३. (हा ५३ वेगळ्या कायद्यातला, वरच्याशी गल्लत नको. आपल्याकडे कलमांना आकडे कमी पडतात.) नळाच्या पाण्याचंही तसंच. पिण्याची योजना पिण्यासाठी. आणि बांधकामाला पाणी किती लागतं याचा अंदाज लोकांना नसतो. तुमचा स्लॅब समजा ९०० चौरस फुटांचा. तो पडल्यावर त्यावर आळी करून दोन इंच पाणी उभं करायचं, तर पहिल्याच भरण्याला चार हजार लिटर. पुढे उन्हाळ्यात रोज उडून आणि झिरपून हजारभर लिटर जातं. हल्लीच्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, कडक उन्हात दोन आठवडे. हे नळावरून केलंत तर वरच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन तुमच्या दारात येतील, आणि त्यांचं बरोबर असेल. बोअर असेल तर ठीक, नाहीतर टँकरचे पैसे आत्ताच अंदाजपत्रकात धरा. मिस्तरीच्या अंदाजपत्रकात ते कधीच नसतात.

हायवाचा नियमही मला पटतो. भरलेला दहाचाकी हायवा पंचवीस टनांच्या पुढे जातो. गावातला तो डांबरी रस्ता, ओहोळावरची पाइपची मोरी, आणि रस्त्याच्या कडेनं वीतभर खोल पुरलेली पाण्याची लाइन, यातलं काहीच त्या वजनासाठी केलेलं नाही. गावाबाहेर मोकळ्या जागी माल उतरवून ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आणा. खेपा वाढतील, थोडे पैसे वाढतील. जागा देणारा गावातलाच कुणी निघेल आणि भाडं घेईल, मग त्या घरातून तरी तुमच्याविरुद्ध कुणी बोलणार नाही.

अनामत म्हटल्यावर मात्र थांबा आणि विचारा. परत मिळणारी अनामत असेल तर एक गोष्ट, आणि 'गावनिधी' म्हणून गेली ती गेली असेल तर दुसरी. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. सक्तीनं फी घ्यायची तर तिला कायद्याचा आधार लागतो. पण भांडून सुरुवात करू नका. ठरावाची प्रत मागा. सहज दिली तर उत्तम, नाही दिली तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. अनामत कशासाठी, कधी परत, रस्त्याचं नुकसान कोण ठरवणार, हे ठरावात असलं पाहिजे. पैसे दिले तर नमुना सातची सामान्य पावती घ्या. वहीच्या पानावरची सही चालणार नाही. आणि माल यायच्या आधी रस्त्याचे, मोरीचे फोटो काढून ठेवा, ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना दाखवूनच. नाहीतर २०१९ च्या पावसातला खड्डासुद्धा तुमच्या नावावर लागेल.

मिस्तरी गावातलाच हवा हे चालणार नाही. कुणाकडून काम करून घ्यावं हे ग्रामसभा ठरवू शकत नाही, धंदा-व्यवसायाचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. पण हा नियम का आला असेल तेही बघा. बाहेरचा ठेकेदार मजूर आणतो, ओहोळाच्या कडेला पत्र्याची खोली ठोकतो, त्यांना संडास देत नाही, काम संपलं की डबर, फुटक्या विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या तिथेच टाकून जातो. गावकऱ्यांना राग ठेकेदाराचा असतो, नियम निघतो मिस्तरीवर. तुम्ही लेखी द्या, की मजुरांसाठी प्लॉटवरच तात्पुरता संडास करू आणि डबर स्वतः उचलू. सेंट्रिंगवाला किंवा ट्रॅक्टरवाला गावातला घ्या, घेतलाच पाहिजे म्हणून नाही, जवळ पडतो म्हणून. मुख्य मिस्तरी तुमचा. एवढ्यावर हा नियम आपोआप विसरला जाईल असा माझा अनुभव आहे.

गावठाणातल्यांना नियम नाहीत, ही तुमची तक्रार रास्त आहे. हायवा गावठाणातल्या माणसाचा असला म्हणून मोरी खचायची थांबत नाही. हे ग्रामसभेत उठून बोला. १ मेची सभा धरा, १५ ऑगस्टची धरा, पण जा. पत्रावरून मला असं दिसतंय की नियम झाले त्या सभेत कॉलनीतून कुणीच नव्हतं. रविवारी नाशकात मॉलला जायला वेळ असतो आणि ग्रामसभेला 'आमचं काय काम' असतं. नऊ वर्षं मतदार यादीत नाव आहे ना? मग तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य आहात, त्यासाठी आणखी कुणाची ना हरकत लागत नाही.

आता वेळेचा नियम आणि नाना. दोन्ही वेगवेगळे लिहिलेत तुम्ही, मला ते एकच वाटतात.

कायद्यानं बघितलं तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. ग्रामपंचायतीनं त्यात आणखी सहा तास काढले. आठ ते सहा म्हणजे गवंड्यांच्या हिशेबात पूर्ण दिवस, त्यात तुमचं फारसं बिघडत नाही. अडेल ते फक्त स्लॅबच्या दिवशी. ९०० फुटांचा पाच इंची स्लॅब, बीम धरून चौदा-पंधरा घनमीटर काँक्रीट, शंभर-सव्वाशे गोण्या सिमेंट. सकाळी आठला मिक्सर फिरायला लागला, मध्येच लिफ्टचा दोर तुटला किंवा वीज गेली, तर रात्रीचे नऊ वाजतात. आणि अर्ध्यावर थांबता येत नाही. थांबलं की जुन्या-नव्याचा सांधा राहतो आणि पुढच्या पावसात बरोबर तिथून गळतं. म्हणून त्या एका दिवसाची सूट आधी मागा. तारीख ठरली की चार दिवस अगोदर लेखी द्या. कुणी नाही म्हणणार नाही, स्लॅब काय असतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

पण आठ ते सहा हे आकडे आले कुठून? तुमच्याच अर्जातून, ताई. कॉलनीनं लिहिलं असणार, की पहाटे साडेचार-पाचला फवारणीच्या ब्लोअरच्या आवाजानं झोप मोडते. नानांनी ते वाचलं. शेतकरी पहाटे फवारतो कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि ऊन नसतं, औषध पानावर बसतं. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पडला तर एका रात्रीत डाऊनी (बुरशीचा रोग) शिरतो, तेव्हा सकाळचे आठ वाजायची वाट बघता येत नाही. तोवर वर्षाचं कर्ज हातातून जातं. शेतीपंपाला वीजही कित्येकदा रात्रीच मिळते, म्हणून तो माणूस रात्री दोनला मोटर चालू करायला उठलेला असतो. अशा माणसाला 'सकाळी आठच्या आधी आवाज नको' असा अर्ज गेला. त्यानं तो ठेवून दिला आणि वर्षभरानं तुम्हालाच परत केला. यात डूख आहे, मान्य. थोडा विनोदही आहे.

धुळीचा नियम मात्र डूख नाही. मण्यात पाणी उतरल्यावर घडावर धूळ बसली तर ती धुता येत नाही. धुतली की मण्यांवरची पांढुरकी पावडर जाते आणि व्यापारी त्या घडाला हात लावत नाही. निर्यातीच्या मालाचं तर नावच नको. तुमच्या कंपाउंडला लागून जी पहिली ओळ आहे, तुमच्या खडीच्या खेपांनी सगळ्यात आधी तीच पांढरी होणार. नाना ग्रामसभेत सगळ्यात जास्त बोलले म्हणता, सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं होतं तेही मोजा.

माझं स्वतःचं सांगतो. मी मखमलाबादच्या बाजूला घर बांधलं तेव्हा फेब्रुवारी होता. खडीचा ट्रक मागे घेताना शेजाऱ्याच्या मळ्यातली ठिबकची मेन लाइन फुटली. सहाशे रुपयांचा पाइप होता. ट्रक माझा नाही, ड्रायव्हर माझा नाही, आणि पाइप बांधाच्या माझ्या बाजूला आला होता, हे मी त्यांना आठ दिवस पटवत राहिलो. नकाशा काढून दाखवला! पटलं त्यांना बहुतेक. नंतर अकरा वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा आवाज मी गच्चीत उभा राहून ऐकला.

तर नानांकडे जा. संध्याकाळी जा, मिस्टरांना घेऊन, आणि कागद घेऊन जाऊ नका. अर्जाबद्दल तुम्ही सही केली असेल तर तसं सांगा. नसेल केली तरी 'मी नव्हते त्यात' असं म्हणू नका, कॉलनी एकच आहे त्यांच्या दृष्टीनं. विचारायचं एवढंच, की नाना, तुमचा माल कधी निघतो? ते सांगतील, फेब्रुवारी म्हणा, मार्चचा पहिला पंधरवडा म्हणा. मग सांगा, की आम्ही त्याच्यानंतरच खडी आणू.

आणि हे नुसतं गोड बोलणं नाही, तुमच्या सोयीचंच आहे. हा महिना-दोन महिने परवानगीतच जाणार. पाडव्याच्या आसपास माल यायला लागला तर मेच्या मध्यावर स्लॅब पडेल. तो पिकून सेंट्रिंग निघेपर्यंत मृग येईल, आणि आतला गिलावा पावसाळ्यात आरामात होतो, उलट त्याला पाणी कमी मारावं लागतं. फक्त मजुरांचं बघा. पेठ-सुरगाण्याकडचे असतील तर होळीला गावी जातात, आठवडाभर येत नाहीत, आणि पहिला पाऊस पडला की भाताला जातात ते थेट आवणी उरकूनच परततात. म्हणून स्लॅब जूनवर ढकलू नका. मेमध्ये पाण्याची ओढ असते हा यातला एकच वांधा, त्यासाठी टँकर मघाशीच धरायला सांगितलाय.

एक राहिलं, आणि ते नियमांपेक्षा मोठं आहे. २०१६ ला पाया घालताना वरच्या मजल्याचा विचार केला होता का? कॉलमच्या सळ्या गच्चीवर वर काढून ठेवल्यात, एवढ्यावरून काही ठरत नाही, ती आपल्याकडे फॅशन आहे. तिकडची जमीन बरीचशी काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर तळमजल्याच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा दिसतील. आज घरी गेल्यावर बघा. चिरा असोत-नसोत, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया एका ठिकाणी उकरून तपासून घ्या. परवानगीच्या वेळी त्याचा दाखला लागेलच. पण दाखल्यासाठी न तपासता सही देणारेही असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. खाली तुमच्या सासूबाई झोपणार आहेत.

आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा दाखला) घेतल्याशिवाय वर सामान चढवू नका. दहातले आठ जण इथे कंटाळतात. जिना झाला, रंग झाला, कोण परत त्या ऑफिसात जाणार. मग पंधरा वर्षांनी घर विकायच्या वेळी माझ्यासारख्याकडे येतात आणि विचारतात, काका, जुन्या तारखेचं मिळेल का.

नकाशा काढताना मुलांच्या खोल्यांच्या खिडक्या मळ्याच्या बाजूला देऊ नका, उत्तरेकडून उजेड कितीही चांगला येत असला तरी. फवारणीचा तुषार पहिल्या मजल्यापर्यंत सहज येतो आणि खिडकी तिकडे असली की वर्षाच्या आत तुम्ही दुसरा अर्ज लिहाल. त्या भिंतीला जिना घ्या, बाथरूम घ्या. नकाशाची पहिली प्रत नानांना दाखवा, दुसरी मला पाठवा.